सायकलीवर पाखडलेलं धान

साल २०१९. मी अडुसष्ट वर्षांचा होतो आणि बायकोचा खांदा आखडला होता. सूप हातात घेतलं की कळ मस्तकात जाई. इकडे पऱ्हे टाकायची, रोपांसाठी बी पेरायची वेळ आलेली, आणि बांबूच्या ढोलीतलं बी पोचट दाण्यांसकट, कचऱ्यासकट तसंच पडलेलं. तिच्या माहेरचं वासाचं धान ते. ते वाण गावात दुसऱ्या कोणाकडे उरलं नव्हतं.

"जाऊबाई देईल पाखडून," बायको म्हणाली.

जाऊबाई म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको, घर शेजारीच. पाखडण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, हे मी मानतो. पण मी जिवंत असताना माझ्या घरचं बी दुसऱ्याच्या अंगणात? शाळा चौथीत सोडली, डोकं तिथं ठेवून आलो नव्हतो. जुना कूलर ओढला आणि पंखा काढायला बसलो.

"काऊन जी, कूलर कायले फोडून राहिले?"

"मशीन बनवून राहिलो. सूप घाल आता चुलीत."

"पहिले मशीन तं चालू द्या."

मोडकी सायकल लाकडाच्या घोडीवर चढवली. मागच्या चाकाचा टायर काढून रिमवर पट्टा घातला, तो पंख्याला. तेलाच्या पिप्याचा पत्रा कापून, खिळ्यानं भोकं पाडून चाळणी केली आणि दांडीनं पायडलाला जोडली. पायडल मारलं की पंखा फिरे, चाळणी डुले. आणि वर बसलेला मीही डुले.

बायको ढोलीतलं बी द्यायला तयार होईना. खायच्या धानातलं टोपलंभर पुढं ठेवलं. "हे साफ झालं तरच बी देईन. नाही तं संध्याकाळी जाऊबाईकडे."

खळ्यावर धान उफणताना आम्ही वाऱ्याला पाठ देऊन उभे राहतो. जन्माची सवय. मी मशीनही अंगणात तसंच मांडलं, वाऱ्याकडे पाठ करून. मशीनच्या पोटात वारा आहे, हे डोक्यातच आलं नाही. पायडल मारलं आणि घरचा वारा नि आभाळातला वारा एक झाले! कोंडा उडाला, पोचट उडालं, त्यांच्यामागं भरलेलं धानही निघालं. बायकोच्या केसांत धान, माझ्या मिशीत धान. गावभरच्या कोंबड्या पाहुण्यांसारख्या धावत आल्या.

जाऊ कुंपणापलीकडून पाहत होती. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे भासऱ्याशी थेट बोलत नाहीत, म्हणून ती आपल्या गाईशी बोलते.

"पाह्य वो गाई, भासऱ्यायनं कोंबड्यायसाठी मशीन बनवली!"

मीही गाईलाच म्हटलं, "सांग तिले, संध्याकाळ नाही झाली अजून!"

बायको खांदा धरून हसत खाली बसली. "एक वारा पुरला नाही म्हणून दुसरा बोलावला का जी?"

दुसरा वारा! मी उडी मारून उतरलो, सायकल ओढत ओसरीत, भिंतीच्या आडोशाला नेली आणि उरलेलं धान टाकून पुन्हा चढलो. कोंडा दूर जाऊन पडला, पोचट त्याच्या अलीकडे, माती चाळणीखाली, आणि भरलेलं धान टोपल्यात टपटप टपटप. मी ओरडत सुटलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण कुत्री भुंकायला लागली.

बायकोनं मूठभर धान पाण्याच्या बादलीत टाकलं. पोचट असलं तर तरंगतं. वाकून पाहत राहिली. सारं तळाला गेलं. मग ती आत गेली आणि ढोलीतलं बी घेऊन आली.

"हळू मारा जी पायडल. माह्या माहेरचं आहे."

कसलं हळू! धोतर साखळीत अडकलं, फाटलं, मी थांबलो नाही. बी निवडून निघालं तेव्हा सूर्य अजून वर होता.

जाऊ कुंपणाजवळ सरकली. मग आवाज आला, "गाई, विचार बरं त्यायले, आमचंही करून देतील का?"

मी गाईला हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बसता येईना. पहिल्या गाडीनं आमगावला गेलो, उभ्यानंच. सायकलच्या दुकानात सर्वांत रुंद, सर्वांत मऊ सीट मागितली.

"बाबाजी, लंबा जाना है क्या?" दुकानदार म्हणाला.

"जाना कहीं नहीं है," मी म्हटलं. "धान बहुत है."