पाणी उतरल्यावरचं माहेर

आईचं माहेर जायकवाडी धरणाच्या पाण्यात गेलं, तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन बेलापूरला आली होती. गाव उठताना तिनं पाहिलंच नाही, म्हणून तिच्या डोक्यात ते कायम कोरडंच राहिलं. तिचा धाकटा भाऊ, माझे मामा, मात्र शेवगावकडच्या काठावर नव्या वसाहतीत राहिले. मळा गेल्यावर ते मासेमारी शिकले.

गेल्या उन्हाळ्यात मामांचा फोन आला. पाणी लई उतरलंय, जुनं गावठाण उघडं पडलंय, अक्काला घेऊन ये, म्हणाले. आई पाण्याला फार भिते. होडीचं नाव काढलं की एरवी तिचे गुडघे दुखायला लागत. या खेपेला तिनं मुकाट्यानं दशम्या बांधल्या.

होडीत तिनं डोळे मिटून माझा दंड धरून ठेवला. उथळ पाण्यात मामांनी इंजिन बंद केलं आणि आईनं डोळे उघडले. समोर गुलाबी पंखांचे रोहित पक्षी चिखलात चोची घालून उभे होते. हा आपला मळा, असं मामांनी सांगितलं तेव्हा तिनं त्या पक्ष्यांकडे निरखून पाहिलं.

"चांगला राखलाय त्यांनी," ती म्हणाली.

गावठाणावर भेगाळलेला गाळ आणि जोत्यांचे दगड उरले होते. वसाहतीतल्या एका बाईनं तिथं टरबुजं लावली होती. आपलं घर कुठं, यावरून बहीणभावांची लगेच जुंपली. मामा एक जोतं दाखवत होते. ती शेजाऱ्यांच्या गोठ्याची जागा, असं आईचं म्हणणं.

"तू तवा एवढासा हुतास. तुला काय आठवतंय?"

शेवटी ती देवळाच्या जोत्यावर जाऊन उभी राहिली आणि दर्शन घेऊन घरी निघाल्यासारखी चालू लागली. डावीकडे वळली, उतार उतरली आणि पुढं पाणी आलं तरी थांबली नाही. नेसूचा काठ वर खोचून गुडघाभर पाण्यात गेली. मी ओरडणार होते, पण मामांनी हात धरला.

"हितं उंबरा," ती पायानं चाचपत म्हणाली.

मामाही पाण्यात उतरले. त्यांनी पाय फिरवला, पुन्हा फिरवला, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अक्का, उंबरा न्हाई. रांजणाचा कट्टा हाय. पर घर आपलंच."

दोघं तिथंच हसत उभे राहिले. मग इथं माजघर, इथं चूल, असं पाण्यातूनच मला घर दाखवू लागले. मीही चपला काढून आत गेले.

बाहेर आल्यावर त्या बाईनं टरबूज फोडून दिलं. आईनं खाता खाता तिला सांगितलं, की तुझे वेल आमच्या चावडीवर पसरलेत.

"मंग चावडीचं भाडं म्हणून आणखी एक न्या," बाई म्हणाली, आणि सगळ्यांत मोठं टरबूज तिनं मामांच्या हातात दिलं.