मंगळावरचा टर्नर

पोरांसाठी लिहिलेल्या जुन्या वैज्ञानिक साहसकथा जमवण्यात माझा हात धरणारा रहाटणीत तरी कुणी नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. शुक्रावर जंगल, मंगळावर कालवे आणि शाळकरी वीरांच्या खिशात होकायंत्र असलं, की ते पुस्तक माझं. बायको म्हणते, पिंपरीचे रद्दीवाले मला लांबून बघूनच भाव वाढवतात.

या सगळ्या खुळाचं मूळ अशाच एका पुस्तकाची फाटकी प्रत. वडील कंपनीत टर्नर होते, लेथवर लोखंडाचे भाग कातायचे. पहिली शिफ्ट करून आले की मला ती वाचून दाखवायचे. मंगळावर यानाचा शाफ्ट मोडतो आणि नेमकी तिथून पुढची पानंच गायब. वडील थांबायचे नाहीत. यानातला टर्नर लेथवर नवा शाफ्ट करतो आणि पोरं सुखरूप घरी येतात. हा शेवट आपण पूर्वी वाचलाय, असं ते सांगायचे. पुढे बायकोला हे कधीच पटलं नाही, आणि मी वडिलांच्या बाजूने तावातावाने भांडत आलो.

यंदा खंडेनवमीच्या सकाळी पिंपरीत मला त्याच पुस्तकाची अख्खी प्रत मिळाली. धावतपळत घरी आलो, तर वडिलांनी ती हातातून घेऊन आपल्या मायक्रोमीटरशेजारी पूजेत मांडली आणि वर हळदकुंकू वाहिलं. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा त्यांचा कंपनीपासूनचा नियम. पुस्तक कसलं हत्यार, असं मी विचारून पाहिलं. ते नुसते हसले. दिवसभर मी देव्हाऱ्याभोवती घुटमळत राहिलो आणि बायको मला चिडवत राहिली.

दसऱ्याची आरती झाल्यावर त्यांनी स्वतःच पुस्तक माझ्या हातात दिलं आणि समोर बसले. मी मोठ्याने वाचू लागलो. शाफ्ट मोडला. मग प्राध्यापकांनी त्यावर कसलंसं रसायन ओतलं, तो आपोआप जुळला आणि यान उडालं. टर्नर कुठेच नव्हता. मला फार वाईट वाटलं. बायको जिंकली होती, पण ती वडिलांकडेच बघत होती.

वडिलांनी शांतपणे चष्मा पुसला.

"रसायनानं शाफ्ट जुळत नसतो," ते म्हणाले. "आणि पोरं अडकली होती तिथं. कुणीतरी जायला पाहिजे होतं ना."

अख्खी प्रत आता कपाटात आहे. पुस्तकं बघायला कुणी आलं, की मी फाटकी काढतो आणि शेवट तोंडी सांगतो.