मोड्याच्या दिवशी येणारा टँकर

आजही माजिवड्याला भाजीवाल्याकडे पालकाची जुडी हातात घेतली की शहाडकडची ती केस आठवते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मनात घर करून बसली ती ही भाजीची केस.

तेव्हा त्या भागातल्या पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. एका मंगळवारी सकाळची हजेरी चालू असताना साठीतली एक बाई आली आणि तिने ठाणे अंमलदाराच्या टेबलावर पालकाचा ढीग ओतला. पानं उकळतं पाणी पडल्यासारखी करपलेली.

"साहेब, कोनीतरी नाल्यान विष सोडतंय. आधी पन मंगळवारीच असं झालंय. गिऱ्हाईक आता माझ्या पाटीला हात लावत नाय. आजूबाजूला सगल्या बिल्डिंगी झाल्या, माझा एवढाच भाजीचा मळा राह्यला. तो मेला तर मी काय करू?"

अंमलदार तिला दुसऱ्या कचेरीचा रस्ता दाखवणार होता. पोलिसांना ही कला चांगली येते. मी त्याला म्हटलं, "आधी तक्रार लिहून घे. रस्ते नंतर दाखव."

पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत गेले. कारखान्याचं सांडपाणी निघालं. म्हणजे कोणीतरी टँकर आणून नाल्यात रिकामा करत होता आणि तेच पाणी ही बाई पहाटे पंपाने मळ्याला देत होती. असली कामं करणारा अंधारातच येणार, हा आमचा पोलिसी समज. मी रात्रीची गस्त लावली. पोरांना डास चावले, बाकी काही हाती लागलं नाही. आणि मंगळवारी बाई पुन्हा करपलेली भाजी घेऊन हजर.

मग एका सोमवारी मी स्वतः जागेचा पंचनामा करायला गेलो. भर दुपार, आणि साऱ्या शिवारात चिटपाखरू नाही. पंच म्हणून सही करायला माणूस मिळेना! मी साताऱ्याकडचा, असल्या वेळी तोंड आवरत नाही. हवालदारावरच खेकसलो.

तो शांतपणे म्हणाला, "साहेब, आज मोडा आहे. दर सोमवारचा, गावदेवीने नेमून दिलेला दिवस. आज इथे कोणी औत घालत नाही, मळ्यात पाय टाकत नाही. जमिनीला विसावा."

हात्तिच्या! बाई दर खेपेला मंगळवारीच का येते, ते तिथे उन्हात उभ्या उभ्या कळलं. टँकर रात्री येतच नव्हता. तो सोमवारी दिवसाढवळ्या येत होता, कारण बघायला कोणी नसायचं. आणि मोडा ठाऊक असणारा माणूस गावातलाच हवा. बाहेरच्या ड्रायव्हरला काय डोंबल कळतंय मोड्यातलं!

त्या दिवशी आमची जीप बघून टँकर फिरकला नाही. पुढच्या सोमवारी आम्ही साध्या कपड्यांत पंपाच्या खोपीत बसलो. ऊन चढल्यावर टँकर आला. नाल्याकडे जाणाऱ्या वाटेचं बांबूचं फाटक एका माणसाने उघडलं आणि नळीचं तोंड पाण्यात जाताच आम्ही दोघांना धरलं. फाटक उघडणाऱ्याला पाहून माझा हवालदार हळूच म्हणाला, "साहेब, हा तर बाईचा सख्खा दीर."

ठाण्यात आणल्यावर दीर तोंड उघडेना. धाक घालून झाला, चहा पाजून झाला. "मना ठाव नाय साहेब," हे एकच पालुपद. शेवटी मी एवढंच विचारलं, "सात वार आहेत. मोड्याचाच दिवस का निवडलास?"

तो खाली बघतच बोलला, "सोमवारी कोन पान्यान उतरत नाय, साहेब. कोनाला लागू नये म्हनून मीच टँकरवाल्याना सोमवार सांगितला. पानी धाडनारा गोदामवाला बोलला, साबनाचा पानी हाय. फेरीमागे पैशे देत होता. पन मना भ्याव वाटायचा."

बाई बाहेर बाकावर बसली होती. मी तिला आत बोलावलं. तिने साडी घोट्यापर्यंत वर केली. दोन्ही पायांना फोड, त्यावर हळदीची फडकी बांधलेली.

"सोमवारचा पानी मंगळवारी कुठं जातो रं?" ती म्हणाली. "पंपाचा पाइप लावाला मीच उतरते ना त्यान? जमिनीच्या विसाव्याच्या दिवशी तिला विष पाजलंस तू."

"वयनी," एवढंच तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. नंतर गोदामवाल्याचं नाव, टँकरचा मालक, सगळं त्याने न विचारता सांगितलं. त्या दोघांनाही अटक झाली.

दिराला जामीन मंजूर झाला, पण जामीनदार मिळेना. गाव तोंड फिरवून बसलं होतं. आणि कोर्टात कोण उभं राहावं? तीच बाई. हातात त्याच करपलेल्या मळ्याचा सातबारा.

मी तिला बाजूला घेतलं. "अहो, ज्याने तुमचा मळा जाळला, त्याच्यासाठी मळाच तारण ठेवताय?"

"तो आत बसून माझी भाजी उगवंल का, साहेब? पोर होता तवा याला मीच भरवलाय." मग दिराकडे वळून म्हणाली, "सोमवारी औत घालायचा नाय, पन पहारा दिला तर देवी कोपत नाय. नाल्यावर बसायचा. समजला?"

चूक करणारा माणूसही आपल्यापुरती एक लाज राखून असतो. तपासात मी आधी तीच शोधायला शिकलो ते या केसपासून. पण नुसती लाज असून भागत नाही, नाल्याचं पाणी खाली कोणाच्या पायाशी जातं तेही बघावं लागतं. हे दिराला उशिरा कळलं. गोदामवाल्याला कळलं की नाही, देव जाणे. कोर्टात तारखा अजून चालू आहेत.

मध्यंतरी एका सोमवारी त्या बाजूने गेलो होतो. शिवार रिकामं होतं. नाल्याकडच्या फाटकापाशी छत्री उघडून, आता म्हातारा झालेला दीर बसलेला दिसला. गाडी थांबलेली बघून तो काठी घेऊन तरातरा माझ्या अंगावर आला, "कोन हाय? हिकडं काय काम हाय?" माझी ओळख पटल्यावर ओशाळला, हात जोडले. पण फाटक काही त्याने उघडलं नाही.