आबांनी ओळखलेले खुनी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, आणि त्याच्यापासून मी एरवी भाजीचा भावही लपवत नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही माझ्या रहस्यकथा वाचता. दिवाळी अंक आला की कुणी ना कुणी कळवतं, ‘शेवटपर्यंत खुनी कोण ते कळलंच नाही हो!’ मी आभार मानते. पण वाचणाऱ्याला असं चकवायला मी कुठे शिकले, कुणावर शिकले — ते कधी सांगत नाही.

आबांवर शिकले. आबा म्हणजे माझे सासरे.

आधी त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते सांगते. ते न सांगता पुढचं सांगितलं तर हिशेब अर्धाच राहील. लग्न होऊन कुरवंडे गावात आले तेव्हा माझं बी.कॉम. झालं होतं. लोणावळ्यातल्या एका हॉटेलात हिशेब ठेवायची जागा निघाली. सासूबाई नको म्हणाल्या, भावकी नको म्हणाली. आबा म्हणाले, "पोरीला आकडं येत्यात. मग ती घरात बसून भांडी मोजंल व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या स्कूटरवरून हॉटेलच्या दारात नेऊन सोडलं. पुढे मी गाडी चालवायला शिकेपर्यंत तेच सोडायचे, तेच न्यायला यायचे. न्यायला हमखास लवकर यायचे. मग वेळ काढायला स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडे बसायचे आणि रहस्यकथांचे जुने अंक चाळायचे. असं त्यांना ते वेड लागलं, आणि त्यांच्यामुळे मला.

आज मला पगार आहे, नाव आहे, चार लोक विचारतात. यातलं काय आबांमुळे नाही? मी शोधून पाहिलंय. काहीच सापडत नाही.

मग काचबिंदूने त्यांची नजर गेली. आधी एका डोळ्याची, वर्षभरात दुसऱ्याचीही. आता वाचून दाखवायची पाळी माझी होती, आणि मी ती आनंदाने घेतली — हे खरं आहे, माझी बाजू सावरायला सांगत नाही. कामावरून आले की चहा व्हायचा, आणि पडवीत आमची गोष्ट सुरू व्हायची. शनिवार-रविवारी नागफणीचा कडा बघायला जाणाऱ्या गाड्या दारात थांबून रस्ता विचारायच्या. आबा न बघता हात करून सांगायचे आणि लगेच म्हणायचे, "हां, मग? ती बाई खोलीत गेली, पुढं?"

गोष्ट निम्मी झाली की ते हात वर करायचे. थांब. खुनी कोण ते सांगायचे, का तेही सांगायचे. आणि दहातल्या आठ-नऊ वेळा बरोबर निघायचे. लेखकाने नोकरावर, पुतण्यावर, भाडेकरूवर कितीही संशय ढकलू दे, आबा बरोबर माणसावर बोट ठेवायचे.

माझा अंदाज मात्र चुकायचा. दरवेळी. आबांना त्याची मोठी गंमत वाटायची. पाहुणे आले की खास मला ओळखायला लावायचे. एकदा माझा भाऊ सोमाटण्याहून आला होता. त्याच्यासमोर मी चुकीचं नाव सांगितलं तसे आबा हसले आणि म्हणाले, "अकाउंटंट बाई, एवढी बेरीज जुळंना व्हय तुमची?" भाऊही हसला. सगळेच हसले. त्यात काही वाईट नव्हतं. आबा नातवालाही असंच चिडवायचे, त्यांची माया तशीच होती. मला ते माहीत होतं.

माहीत होतं — तरी दुसऱ्या दिवशी मी ते केलं.

गोष्ट एका म्हाताऱ्या सावकाराच्या खुनाची होती. आबांनी निम्म्यावर सांगितलं, "डाक्टरीणबाई. औषधाची येळ तिलाच ठावं." बरोबर होतं. मी पुढची पानं वाचली, शेवटच्या पानावर आले, आणि तिथे छापलेलं होतं ते वाचलंच नाही. मनाने सांगितलं, खुनी पुतण्या. मागे त्याच्या चिखलाच्या चपलांचा उल्लेख आला होता, तो मी उचलला आणि जुळवून दिला. आबा म्हणाले, "अन् ती बाटली?" मी म्हटलं, ती साधी खोकल्याची. ते मांडीवर थाप मारून हसले. "फशिवलं की लेकाच्यानं!"

इथे थांबले असते तर ही गोष्ट मी केव्हाच हसत सांगून टाकली असती. नाही का?

थांबले नाही. मला त्याची चटक लागली. आबांनी ज्याच्यावर बोट ठेवलं तो सोडून दुसरा खुनी, तोही जागच्या जागी, दिलेल्या खुणांतूनच, बोलता बोलता तयार करायचा. यात जी मजा होती ती हॉटेलच्या खात्यांत कधी मिळाली नाही. संशय येऊ नये म्हणून चारातली एक गोष्ट छापल्याप्रमाणे वाचायचे. हे प्रमाणही मी विचार करून ठरवलं होतं. असं किती दिवस चाललं? आकडे मांडायची मला सवय आहे. हा आकडा मी कधी मांडला नाही.

आबा आधी लेखकांचं कौतुक करायचे. हळूहळू ते कमी झालं. अंदाज सांगण्याआधी अडखळायला लागले. एक नाव घ्यायचे, मग दुसरं. एकदा पाण्याचा तांब्या चाचपडताना हसत म्हणाले, "डोळं गेलं ते गेलं, आता डोस्कंबी त्याच वाटंनं निगालं." मी तांब्या त्यांच्या हातात दिला. दुसरं काय दिलं? काहीच नाही.

मग नामदेव आणि शंकर आले. खालच्या आळीतले सख्खे भाऊ. दोघांच्या भातखाचरांमधला बांध कुठून होता यावर त्यांचं बिनसलं होतं. बांधावरचं जांभळाचं झाड कधीच गेलं होतं, आणि त्यांच्या वडिलांनी वाटणी केली तेव्हा हजर असलेल्यांपैकी एकटे आबा उरले होते. गावात अशा वेळी आबांचा शब्द चालायचा. दोघेही तो मानायला तयार होऊनच आले होते.

"जांभळाच्या खालच्या अंगानं," आबा लगेच म्हणाले. मग थांबले. मी चहा घेऊन दारात उभी होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. "का वरच्या? थांबा रं... न्हाई बाबांनो. माझं काय खरं न्हाई आता. साधी गोष्ट ऐकतो, तीबी रोज चुकतो. सूनबाईला इचारा."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

एक वाक्य पुरलं असतं. आबा चुकत नाहीत, मी खोटं वाचते. एवढंच. भावांसमोर लाज वाटली असती, आबा रागावले असते, कदाचित हसलेही असते. मी म्हटलं, "मोजणी आणलेली बरी." आणि कप पुढे केले.

मोजणीला वेळ लागला. तेवढ्यात दोघांचं शिवीगाळीपर्यंत गेलं, बायकाबायकांतही झालं. मोजणी झाली तेव्हा खूण खालच्या अंगाला निघाली, आबांनी पहिल्या झटक्यात सांगितली तिथेच. पण तोवर भाऊ बोलेनासे झाले होते. शंकरच्या मुलीच्या लग्नात नामदेवच्या घरातलं कुणी नव्हतं. मोजणीचं नवऱ्याने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. वर म्हणाला, "आबा बरोबर म्हणत होते की गं. त्यांना सांगतो." मी त्याला अडवलं. म्हटलं, राहू दे, उगाच त्यांना भांडणाचा त्रास. तो म्हणाला, "तुझंही खरंय." माझी काळजी त्याला कौतुकाची वाटली.

त्यानंतर मी खोटं वाचणं बंद केलं. पण आबांनी ओळखणं बंद केलं होतं. मी निम्म्यावर थांबायचे, वाट बघायचे. ते म्हणायचे, "वाच की गं. ऐकाया बरं वाटतं."

आणि पाहा, त्यातूनही त्यांनी मला दिलंच. म्हणाले, "एवढ्या गोष्टी वाचल्यास, एखादी लिही." मी लिहिली. छापून आली तेव्हा त्यांनी आळीत पेढे वाटायला लावले. तो अंक ते उलटा-सुलटा चाचपत बसले होते आणि विचारत होते, "तुजं नाव कुठल्या पानाव हाय? तितं माजं बोट ठिव."

पुढच्या गोष्टी मी त्यांच्यासाठी लिहिल्या. मुद्दाम सोप्या. खुनी पहिल्या पानावरच उघडा पडेल अशा. वाटायचं, एकदा, फक्त एकदा त्यांनी हात वर करावा. संपादकांनी त्या परत पाठवल्या, रहस्यच नाही म्हणून. आबांनी त्या सगळ्या मन लावून ऐकल्या. हात कधी वर केला नाही. गेल्या हिवाळ्यात ते गेले. आदल्या संध्याकाळीही मी निम्म्यावर थांबून विचारलं होतं, "कोण असेल, आबा?" ते म्हणाले, "तू म्हनशील तो."

या तीन शब्दांवर मी पुष्कळ विचार केला. त्यांना सगळं कळलं होतं का? कळून त्यांनी मला माफ केलं होतं का? तसं मानलं तर मला किती हलकं वाटेल! पण रहस्यकथा लिहिणाऱ्या बाईने मनाला काय बरं वाटतं ते बघायचं नसतं, पुरावा बघायचा असतो. आपलं डोकं ठिकाणावर आहे हे माहीत असलेला माणूस दोन सख्ख्या भावांना दारातून तसं परत पाठवेल? आबा पाठवतील? माझ्या एवढ्याशा नोकरीसाठी अख्ख्या भावकीशी वाईटपणा घेणारे आबा?

नाही. त्यांना कळलं नव्हतं.

आबांचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं. घरात हे फक्त मला माहीत होतं.