स्टेनलेस तापेपर्यंतची गल्ली

पंजाबातली एक गल्ली मला पाठ आहे. मी तिथे कधी गेलो नाही, आणि आता ती पाकिस्तानात आहे. तोंडाशी विहीर. विहिरीच्या उजव्या हाताला हलवाई. पुढे शिंपी, त्याची म्हातारी आई बाहेर खाटेवर. डोळे मिटले की मी त्या विहिरीपाशी उभा असतो. हे कसं झालं ते लिहून ठेवतो. शाळा माझी तिसरीपर्यंत, चुका निघतील. निघू देत.

आमचं दुकान उज्जैनला गोपाळमंदिराच्या मागे. पणजोबांनी सरकारच्या शिलेखान्यातल्या तलवारी सांभाळल्या, वडिलांनी सुऱ्या आणि अडकित्ते केले. वडिलांची सुरी म्हटलं की गिऱ्हाईक धार बघायचंच नाही, सरळ पिशवीत टाकायचं. ते गेल्यावर दुकान माझ्याकडे आलं आणि हा मानही.

भैरवगढचे छिपे, कापडावर ठशांनी छपाई करणारे, आमचं जुनं गिऱ्हाईक. मध्य भारत मोडून भोपाळ राजधानी झाली त्या सुमाराला त्यांच्यातला एक जण आला आणि माझ्यापुढे कापडाचं थान उलगडलं. पिवळट कापडावर पात्याएवढा काळा डाग. छपाईआधी ते कापड हिरड्याच्या पाण्यातून काढतात. त्याला ओलं लोखंड टेकलं की काळं पडतं, मग क्षिप्रेत कितीही धुवा.

"भिया, धार तुम्हारी ही अच्छी. पर ये देखो," तो म्हणाला. "अब हमको स्टेनलेस की छुरी होना. फ्रीगंज में वो पंजाबी दे रिया है."

"तर घ्या त्याच्याकडून."

"तुम बनाओ तो तुमसे लें. बाबूजी के टाइम से लेते आए हैं."

स्टेनलेसच्या पट्ट्या भंगारात स्वस्त मिळायच्या. मी आणल्या. लोखंडासारखंच केलं, पातं गुंजेसारखं लाल झालं की पाण्यात. धार लावून नखावर दाबली तर धार मेणासारखी वाकली. ताप वाढवला तर पाण्यात टिक् असा आवाज आला आणि पातं मधोमध चिरलं. शेजारी एक म्हातारा सिकलीगर होता, हत्यारांना धार लावून जन्म गेलेला. त्याने तर तापवलंच नाही. थंड पट्टी ऐरणीवर धरून विळ्यासारखा काठ ठोकून काढला. "मुर्दा लोहा है बेटा. जितना पीटोगे उतना ही उठेगा." त्याची धार चार दिवस टिकली, माझी तेवढीही नाही.

पंजाबी फाळणीत आलेला शरणार्थी होता. त्याचं गाव म्हणे सबंध सुऱ्या-कात्र्यांचं. त्याला जाऊन विचारलं असतं तर सांगितलं असतं त्याने. पण शिलेखान्याच्या माणसाने फ्रीगंजच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन शिकवा म्हणायचं? मी शेडला लागून असलेल्या चहावाल्याकडे बसलो. पत्र्याला खिळ्याचं भोक होतं. तीन दुपारी मी चहा पीत त्या भोकाला डोळा लावून होतो. चोरी म्हणा.

त्याने पातं लालवर सोडलं नाही. झेंडूच्या फुलासारखं केशरी होऊ दिलं, आणि मग भट्टीतच धरून ठेवलं. बाहेर काढून ना पाणी, ना तेल. दोन जाड लोखंडी पाट होते, त्यांच्यामध्ये दाबलं आणि सोडलं. मी चहा सांडला. वडिलांनी जन्मभर पाणी दिलं आणि हा पाण्याशिवाय पातं कडक करतो!

किती वेळ धरायचं, तेही कळलं. तो पुटपुटायचा. "नुक्कड़ पे कुआँ. दाएँ हलवाई. उसके बाद दरज़ी, माँ जी चारपाई पे." घरामागून घर, प्रत्येकाचं नाव घेऊन, घाई न करता. ती नावं मी लिहिणार नाही. शेवट नेहमी एकच, "टूटी सीढ़ी, सँभल के." मग गप्प व्हायचा आणि चिमटा उचलायचा. मधे जरा थांबायचा. मला वाटलं, घाम पुसतो आहे.

मी घरी येऊन तसंच केलं. विहिरीपासून निघालो, तुटलेल्या पायरीशी पोचलो की पातं बाहेर, पाटांमध्ये. या वेळी नखावर धार वाकली नाही. मी छातीवर हात मारून आमच्या गल्लीत सांगितलं की ही युक्ती माझी.

पंधरा दिवसांनी छिपा हजर. "भिया, पंजाबी की अभी भी खड़ी है. तुम्हारी तो लेट गई." सोबतचे हसले. जाताना तो म्हणाला, होळीनंतर सगळ्या भैरवगढच्या सुऱ्या एकाच जागेवरून घेणार, तोवर बघा. मी आठ-दहा पाती केली. सगळी तशीच, पंधरा दिवसांची.

एका दुपारी मी भट्टीपुढे पुटपुटत होतो. "टूटी सीढ़ी, सँभल के" म्हणून चिमटा उचलला तर मागून आवाज आला, "आगे?"

पंजाबी दारात उभा होता. हातात माझीच एक सुरी, छिप्याने त्याला दाखवायला दिलेली. चेहरा राखेसारखा. मला वाटलं आता गळा धरणार. त्याने धरला असता तर मी हात उचलला नसता. पण तो फळीवर बसला.

"ये गली तुमको किसने बताई?"

मी पत्र्यातलं भोक सांगितलं. पहिल्यांदाच कुणापुढे मान खाली घातली.

"अंदर नहीं गए तुम," तो सुरीचा काठ बोटाने चाचपत म्हणाला. "इसलिए कच्ची रहती है. सीढ़ी के बाद मैं अंदर जाता हूँ. वहाँ का मुँह से नहीं बोलता."

"तो मैं कैसे..."

"तुम मत जाना. मेरा घर है. बाहर खड़े रहना, मेरे आने तक."

त्याने एक पातं भट्टीत सरकवायला लावलं आणि गल्ली मोठ्याने म्हटली, पायरीपर्यंत. मग गप्प. डोळे उघडे, पण ते माझ्या दुकानात नव्हते. मी माझे श्वास मोजले. विसाव्याला तो म्हणाला, "निकालो." ते पातं अजून घरात आहे. धार आजही खडी.

होळीनंतर भैरवगढच्या अर्ध्या सुऱ्या मी केल्या, अर्ध्या त्याने. छिप्यांनीच तसं वाटून दिलं. युक्ती माझी नाही हे मी आमच्या गल्लीत सांगितलं, सिकलीगरापासून सुरुवात करून. म्हातारा म्हणाला, "इतनी सी बात के लिए साल भर फूला रहा?"

बरीच वर्षं मी त्या पायरीवर उभा राहिलो. आत भांडं वाजल्यासारखं व्हायचं, कुणी हलक्या आवाजात बोलल्यासारखं. मी आत डोकावलो नाही. सांगितलं होतं ना, मत जाना.

पंजाबी वारल्याचं चहावाल्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी भट्टी पेटवली, विहिरीपासून निघालो, पायरीशी आलो. वीस श्वास झाले. तीस झाले. कुणी बाहेर येईना. मी उभाच. पात्यातून ठिणग्या उडायला लागल्या तेव्हा भानावर आलो. ते पातं जळलं. पाटांतून काढून नख लावलं तर काठ बेसनासारखा भुरभुरला.

ते मी फेकलं नाही. मुलगा म्हणतो घड्याळ लावा. नाही लावलं. पुढचं पातं भट्टीत घातलं, विहिरीपासून पायरीपर्यंत गेलो आणि विसाव्या श्वासाला काढलं, तो आत असतानाच.