ऊन लागलं म्हणून

“मॅडम, मायले ऊन लागनं. सलाईन लाई द्या ना.”

धुळ्यातल्या एका हॉस्पिटलात मी कॅज्युअल्टी सांभाळते, म्हणजे तातडीचे पेशंट आधी माझ्यापुढे येतात. मे महिन्यात जो तो हेच सांगत येतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. भगवान साक्रीकडच्या गावातून संध्याकाळी आईला जीपने घेऊन आला होता. सुमनअक्का, साठीची खमकी बाई, स्ट्रेचरवर डोळे उघडे ठेवून पडून होत्या.

“अक्का, हसा बरं.”

तोंडाची डावी बाजू हसली. उजवी हललीच नाही. दोन्ही हात वर करायला सांगितले, तर उजवा धपकन खाली आला. नाव विचारलं, तर घशातून नुसता आवाज निघाला. हे ऊन नव्हतं.

“कधीपासून असं?”

“सकायपासून. गच्चीवर बिबडाना पापड घाली राहिंती, हातमाईन पळी पडनी. तळपायले कांदा चोया, पन्हं पाजं. बठ्ठं करं, मॅडम.”

“पन्हं प्यायल्या?”

“एक बाजूथून सांडे. मी पुसू अन् परत पाजू.”

मग त्याने आईला ओलं फडकं लावून अंधाऱ्या खोलीत झोपवलं होतं. कुणी उठवू नये म्हणून स्वतः दाराशी बसला होता. एवढी माया, आणि नेमकी तीच आड आली. आजही आठवलं की जीव हळहळतो.

सीटी स्कॅन केला. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झालेली. उजवं अंग आणि बोलणं ती बाजू सांभाळते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देतात. मी न्यूरोच्या सरांना फोन लावला.

“विंडो गेली,” ते म्हणाले. “आता दिलं तर डोक्यात रक्तस्राव व्हायचा.”

इंजेक्शन आमच्या फ्रीजमध्येच होतं. ते मला फार लागलं.

अक्का वाचल्या. काठी धरून चालायलाही लागल्या. उजवा हात आणि बोलणं मात्र गेलं ते गेलंच. डिस्चार्जच्या दिवशी भगवान मला बाजूला घेऊन म्हणाला, “सकायलेच लई येतू, ते माय बोलती का?”

“कदाचित,” मी म्हणाले. साफ हो म्हणायला जीभ रेटेना. तो मान खाली घालून आईच्या चपला शोधायला लागला.

उन्हाने माणूस सगळाच गळतो, अर्धा नाही. तोंड एका बाजूला गेलं, एकच हात पडला, बोलणं अडखळलं, तर कांदा शोधू नका. गाडी शोधा.