‘गुलकाडी’चा सेवापूर्ती सोहळा

माणूस रिटायर झाला की त्याला शाल-श्रीफळ देतात, हे समजू शकतो. आमच्या मंडळानं वेबसाईटला दिलं. शपथेवर सांगतो. बारामतीत हॉल घेतला, दारात कमान, कमानीवर अध्यक्ष ऋषिराज यांचा गॉगल घातलेला फोटो, आणि स्टेजवर ठेवलेल्या जुन्या कॉम्प्युटरला झेंडूचा हार. वेबसाईट रिटायर झाली का वारली, हे येणाऱ्याला कळेना. दोन बायकांनी तर हात जोडून नमस्कार केला.

मी आनंद, ह्या मंडळाचा कॉम्प्युटरवाला. काडेपेट्यांवरचे छाप जमवणाऱ्यांचं हे मंडळ. त्यांचं ‘गुलकाडी’, म्हणजे आगकाडी, नावाचं त्रैमासिक वीस वर्षं निघालं, मग वाचणारे संपले. सगळे अंक आणि लोकांचे संग्रह स्कॅन करून वेबसाईटवर चढवले होते. ती आता इतकी जुनाट झाली होती की कुठल्याच फोनवर उघडायची नाही. बंद करायची ठरली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बंद करणारे कोण? एकाला छापातलं काही कळेल तर शपथ! अध्यक्ष तर लायटर वापरतात.

ह्या फौजेत खरा छंदिष्ट एकच, कळस गावचे सावळारामतात्या. जन्मभर दुधाचा टँकर चालवला. विडीला कधी शिवले नाहीत, पण टपरी दिसली की टँकर कडेला घेऊन रिकामी काडेपेटी मागायचे. घरी आल्यावर छाप भिजवून सोडवायचा, वहीत चिकटवायचा, आणि खाली सारजाकाकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लिहायचं. काकी चाळिशीत साक्षरता वर्गाला जाऊन लिहायला शिकल्या. तात्या सांगणार, काकी लिहिणार. ‘बेळगावच्या अलीकडं, चहा गोड, मालकीण रागीट.’ काकी इंदापूरच्या पुढं फारशा गेल्या नाहीत, पण वही वाचताना वाटायचं, टँकर ह्या बाईनंच चालवलाय.

त्या नऊ वह्या मंडळानं स्कॅनिंगला म्हणून नेल्या. परत दिल्या का? छे! ऑफिस हलवताना रद्दीत गेल्या. कुणी घातल्या विचाराल, तर कुणीच नाही. आमच्याकडं असल्या गोष्टी आपोआप होतात.

गेल्या वर्षी काकींना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं तुटलं. हात जरा हलायला लागला तशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज अक्षरं गिरवू द्या. मुलानं बाराखडीचं पुस्तक आणलं, ते काकींनी डाव्या हातानं भिरकावून दिलं. बरोबरच केलं. नातवंडं असलेल्या बाईपुढं कमळाचा क ठेवतात का? मग तात्या माझ्याकडं आले.

“आनंदा, तिचं सोताचं अक्षर हाय न्हवं तुमच्या त्या कॉम्प्युटरात? तीच पानं काढून दे. दुसऱ्याचं गिरवायला ती तयारच न्हाय.”

दहा मिनिटांचं काम. मी काढायलाच बसलो होतो, तेवढ्यात मागं अध्यक्ष उभे. “आत्ता नको रे. सोहळ्यात देऊ. अख्खा संग्रह पेनड्राईव्हमध्ये, पाहुण्यांच्या हस्ते!”

मी म्हटलं, “साहेब, काकी आजारी आहेत.”

“मग सत्कारानं बरं वाटेल की त्यांना. पेनड्राईव्हचं मी बघतो.”

काय बोलणार असल्या माणसाशी? मी प्रिंटर बंद केला.

तीन आठवड्यांनी सोहळा झाला. तात्या इस्त्रीचं धोतर नेसून एसटीनं आले आणि दोन तास भाषणं ऐकत बसले. पाहुण्यांना ‘गुलकाडी’ म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नव्हतं, ते उसाला आग लागू नये म्हणून काय काळजी घ्यावी यावर बोलले. टाळ्या पडल्या. मग तात्यांना वर बोलावलं आणि चकचकीत कागदातला खोका हातात दिला. “हसा तात्या, हसा!” तात्या हसले. फोटो लगेच ग्रुपवर पडला.

इतिवृत्तात लिहिलं, संग्रहाची प्रत श्री. सावळाराम यांना सुपूर्द केली. खाली अध्यक्षांची सही, आणि माझ्यासाठी हुकूम की कॉम्प्युटर कोरा करून पणदऱ्याच्या शाळेला भेट द्यावा. म्हणजे आणखी एक हार, आणखी एक फोटो. सोमवारी मी वेबसाईट उतरवली आणि डिस्क पुसली. साधी नाही, परत काही निघणार नाही अशी पक्की पुसली. त्यात मी हुशार.

मंगळवारी तात्या आले, तोच खोका घेऊन.

“आनंदा, ह्यात निस्ता थर्माकोल हाय. ती पेनड्राईव्हची काडी हितं ऱ्हायली का?”

अध्यक्षांना फोन लावला.

“दिला की खोका! फोटो आहे.”

“आत काही नव्हतं, साहेब.”

“अरे, प्रतीकात्मक होतं ते. खरी प्रत नंतर तूच द्यायचीस ना ऑफिसातून.”

आपल्याकडं स्टेजवरचा खोका रिकामाच असतो. एकच खोका दहा सत्कारांना फिरतो, वस्तू मागाहून मिळते. हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मला नव्हतं? अहो, तो खोका मीच गुंडाळून दिला होता! आदल्या दिवशी, रिकामा. साहेब आत टाकतील म्हणून. आणि सोमवारी बटण दाबताना मला तो आठवला नाही. सही दिसली, फोटो दिसला, बास. ज्यांना मी उठता-बसता मूर्ख म्हणतो, त्यांच्या फोटोवर मी विश्वास ठेवला.

“तात्या, मी पुसलं सगळं,” मी म्हटलं. “आता कुठंच नाही.”

तात्यांनी खोका टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “माझ्याच्यानं तिला सांगवणार न्हाय. तू चल.”

त्यांना मोटरसायकलवर मागं बसवून कळसला गेलो. वाटेत काय बोलायचं ते चारदा जुळवलं. काकी ओसरीवर बसल्या होत्या. पुढ्यात पाट, पाटावर टोक काढलेली पेन्सिल. मला बघितल्यावर त्यांनी उजवा हात डाव्या हातानं उचलून पाटावर ठेवला, बोटांत पेन्सिल बसवली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “दे.”